साडेबाराचा सामना, साडेतीनची तयारी

मानपाडा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ठाण्याचा की डोंबिवलीचा? एक घोडबंदर रस्त्यावरचा, चितळसरला चिकटलेला. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. रिक्षावाले, कुरिअरवाले, लग्नाला आलेले पाहुणे, सगळे यात कधी ना कधी चुकलेले आहेत. पण विश्वचषकाच्या बाद फेरीतला सामना रात्री जागून बघायचा म्हटला, तर दोन्ही मानपाड्यांची अडचण अगदी एकसारखी आहे. टॉवरला टॉवर लागलेला, भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलं, जुलैचा पाऊस, आणि सकाळी सहाला अंघोळ करून स्टेशनची वाट धरायची सक्ती. म्हणून हा लेख दोघांसाठीही आहे.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. साखळी सामना कधी संपणार हे साधारण ठाऊक असतं. बाद फेरीचा सामना कधी संपेल हे कुणालाच ठाऊक नसतं. लोक तयारी करतात ती सामना सुरू व्हायच्या वेळेची. करायला हवी ती संपण्याच्या वेळेची.

आधी तारीख नीट लावा

२०२६चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत ११ जून ते १९ जुलै असा आहे. पहिल्यांदाच ४८ संघ, एकूण १०४ सामने, आणि त्यातले ३२ सामने बाद फेरीचे. साखळीतून ३२ संघ पुढे येणार, म्हणजे एरवीपेक्षा बाद फेरीची एक पायरी जास्त आहे. कट्टर वैरी समोरासमोर येण्याची शक्यताही तेवढीच वाढली.

गोंधळ होतो तो तारखेचा. अंतिम सामना न्यू जर्सीत १९ जुलैला, रविवारी, तिथल्या दुपारी ३ वाजता आहे. तिथल्या उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे असतो. म्हणजे आपल्याकडे तो रात्री साडेबाराला सुरू होणार, आणि तोवर कॅलेंडरचं पान उलटून सोमवार, २० जुलै झालेला असणार. इथे दोन प्रकारची माणसं फसतात. एक १९ तारखेच्या पहाटे गजर लावून उठतात आणि टीव्हीवर जुने सामने बघून परत झोपतात. दुसरी सोमवारी रात्री मित्रांना घरी बोलावतात, तोवर चषक कुणीतरी घेऊन गेलेला असतो. उपांत्य सामन्यांचंही तेच: तिथल्या १४ आणि १५ जुलैचे सामने आपल्याकडे १५ आणि १६ जुलैला रात्री साडेबाराला, म्हणजे आपल्या बोलीत मंगळवारची आणि बुधवारची रात्र. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकताना 'रविवारी रात्री जेवून झाल्यावर, साडेबाराला' असं लिहा. नुसती तारीख लिहू नका. आणि रजेचा अर्ज करणार असाल तर त्यात २० तारीखच घाला.

आधीच्या फेऱ्यांत वेळा आणखी विखुरलेल्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे सकाळच्या चहाला येतो. डोंबिवलीकरांना त्याचा उपयोग नाही. तो लोकलमध्ये, कुणाच्या तरी खांद्यावरून, कुणाच्या तरी मोबाइलवर बघायचा.

आता घड्याळ मांडा

साडेबाराला शिट्टी वाजली असं धरा. पहिला अर्ध ४५ मिनिटांचा. यंदा प्रत्येक अर्धाच्या मध्यावर, साधारण २२व्या मिनिटाला, खेळाडूंना पाणी प्यायला ३ मिनिटांची विश्रांती आहे, ऊन असो वा नसो. वर वाया गेलेल्या वेळेची भरपाई. मध्यंतर यायला १ वाजून २० मिनिटं होतात. मध्यंतर १५ मिनिटांचं. पुन्हा ४५, पुन्हा पाणी, पुन्हा भरपाई, आणि ती दुसऱ्या अर्धात नेहमी जास्त असते. निकाल लागला तर अडीचच्या सुमारास मोकळे. अंतिम सामन्याच्या मध्यंतरात यंदा संगीताचा कार्यक्रमही ठेवलाय, तेव्हा त्या रात्री १५ मिनिटांवर भरवसा ठेवू नका.

बरोबरी राहिली तर ३० मिनिटांचा जादा वेळ, १५-१५चे दोन तुकडे. सव्वातीन वाजत येतात. तरीही बरोबरी असेल तर पेनल्ट्या. नाणेफेक, रांग, प्रत्येकाची ती लांबलचक चाल, सगळं धरून दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे साडेतीन. चहाचं दूध, इन्व्हर्टरची बॅटरी, क्लबहाउसची किल्ली, मुलांची झोप, सगळ्याचा हिशेब या साडेतीनवर करा. अडीचला सुटलात तर तेवढा तास पदरात पडला म्हणायचं.

हे उगाच घाबरवणं नाही. ९ डिसेंबर २०२२ला लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिना आणि नेदरलँड्स यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. १९७८च्या अंतिम सामन्यापासूनचं त्यांचं जुनं वैर. तोही आपल्याकडे रात्री साडेबारालाच सुरू झाला होता. ७३व्या मिनिटाला अर्जेंटिना २-० पुढे. आमच्या मजल्यावरचे एक काका, सकाळी बदलापूरला जायचं म्हणून, त्याच क्षणी 'संपली मॅच' म्हणत उठले आणि झोपले. ८३व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या वेगहॉर्स्टने एक गोल फेडला, आणि भरपाईच्या वेळेतल्या ११व्या मिनिटाला, फ्री-किकच्या एका चोरट्या चालीवर, दुसरा. २-२. जादा वेळ. पेनल्ट्या. अर्जेंटिना ४-३. काका सकाळी लिफ्टमध्ये अभिमानाने म्हणाले, 'दोन शून्यने मारली ना?' त्यांना आम्ही अजून माफ केलेलं नाही.

असाच एक सामना आपल्या पुण्यातही झालाय, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. ३ फेब्रुवारी २०२२, बालेवाडी, महिलांच्या आशियाई चषकाचा उपांत्य सामना, चीन विरुद्ध जपान. जपान दोनदा पुढे गेलं, दोनदा चीनने बरोबरी साधली, आणि दुसरी बरोबरी ११९व्या मिनिटाला. पुढे पेनल्ट्यांवर चीन ४-३ असं जिंकलं. तीन दिवसांनी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामन्यात त्याच चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ वरून ३-२ केलं, तेही भरपाईच्या वेळेतल्या गोलवर. दोन्ही वेळा ज्यांनी लवकर टीव्ही बंद केला त्यांना चुकीचा निकाल ठाऊक असणार. तेव्हा पहिला नियम: बाद फेरीत २-० हा झोपायचा स्कोअर नाही.

वैऱ्यांचा सामना बघायचा कसा

ज्यांना रोज फुटबॉल बघायची सवय नाही त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो. घरात बाद फेरीला अचानक पाच जणं वाढतात, आणि ती पाचही जणं एकाच वेळी प्रश्न विचारतात.

पहिली अपेक्षा सोडून द्या ती सुंदर खेळाची. वैर जितकं जुनं तितका खेळ अडखळता. ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या नावाने आपल्याकडे गल्ल्या विभागल्या जातात, पण विश्वचषकाच्या बाद फेरीत हे दोघे आजवर एकदाच भिडलेत: २४ जून १९९०, तुरीन. ब्राझीलने जवळजवळ पूर्ण वेळ हल्ले केले, चेंडू खांबावर आदळले, आणि ८०व्या मिनिटाला मॅराडोनाने एकदाच तिघा-चौघांना खेचून घेत कनीजियाला पास दिला. १-०. एवढंच. इंग्लंड-अर्जेंटिनाचं १९८६चं आणि १९९८चंही आठवून बघा. ८६मध्ये मॅराडोनाने हाताने मारलेला गोल, आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चकवत मारलेला दुसरा. ९८मध्ये इंग्लंडच्या बेकहॅमला दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीलाच लाल कार्ड, मग दहा जणांनी अडीच तासांपर्यंत ताणलेला सामना आणि पेनल्ट्या. अशा सामन्यांत गोल कमी आणि प्रसंग जास्त असतात. म्हणून नुसता चेंडू बघत बसू नका, बाकीचंही बघा.

पहिल्या वीस मिनिटांत पिवळं कार्ड कुणाला मिळालं ते लक्षात ठेवा. ते एखाद्या बचावपटूला मिळालं असेल तर उरलेला सामना त्याच्याच बाजूने हल्ले होणार. एक कार्ड खिशात घेऊन खेळणारा माणूस पाय घालताना कचरतो. दुसरी गोष्ट म्हणजे बदली खेळाडू. नव्वद मिनिटांत पाच बदल करता येतात, पण तीनच वेळा खेळ थांबवून. जादा वेळ लागला तर आणखी एक बदल मिळतो. ज्या प्रशिक्षकाने ७५व्या मिनिटापर्यंत एकही बदल केलेला नाही तो जादा वेळेची तजवीज करतोय असं समजा. आणि ११८व्या मिनिटाला बाकाकडे नक्की बघा. २०१४मध्ये नेदरलँड्सने कोस्टारिकाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी नुसत्या पेनल्ट्यांसाठी दुसरा गोलरक्षक, टिम क्रुल, मैदानात आणला. त्याने दोन पेनल्ट्या अडवल्या. घरातल्या कुणाला तुम्ही हे आधी सांगितलंत तर पुढची चार वर्षं तुमचा शब्द प्रमाण.

आता घरात होणारा ठरलेला वाद. जादा वेळेत गोल झाला की कुणीतरी मोठ्या माणसाच्या खात्रीने म्हणणार, 'संपली, गोल्डन गोल!' तो नियम १९९८ आणि २००२च्या विश्वचषकांत होता, २००४मध्ये तो गेला. आता तीसही मिनिटं पूर्ण खेळायची. पेनल्ट्यांत दोन्हीकडून पाच-पाच, त्यातही बरोबरी राहिली तर एकास एक. १२०व्या मिनिटाला जे मैदानात होते तेच मारू शकतात. गोलरक्षकाने चेंडू अडवला आणि तो परत मारणाऱ्याच्या पायाशी आला, तरी त्याला तो पुन्हा मारता येत नाही. ती पेनल्टी संपली. हे आजीला आधी समजावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी ती विचारेल 'अरे मार ना परत' आणि तिचं बरोबरच वाटेल.

भारताची बाजू घ्यायची संधी विश्वचषकात नाही, हे दुखणं आहेच. पण बाद फेरीतला भारत-पाकिस्तान सामनाही झालाय: सप्टेंबर २०१८, ढाका, दक्षिण आशियाई स्पर्धेची उपांत्य फेरी, भारत ३-१. किती जणांनी पाहिला होता? क्रिकेटचा असता तर मानपाडा रोडवर सामसूम झाली असती.

गोल भिंतीतून येतो

टॉवरमध्ये सामना बघण्यातला सगळ्यात मोठा त्रास आवाजाचा नाही, उशिराचा आहे. केबल आणि डिशवर चित्र काही सेकंद उशिरा येतं, मोबाइलच्या आणि स्मार्ट टीव्हीच्या ॲपवर त्याहून बरंच उशिरा, कधी अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तुमच्या पडद्यावर पेनल्टी मारणारा अजून चेंडू ठेवतोय, आणि शेजारच्या बी विंगमधून आरोळी आलेली. सगळा थरार गेला. उपाय सोपा आहे, फक्त आधी ठरवावा लागतो. मजल्यावरच्या दोन-तीन घरांनी एकाच प्रकारचं प्रक्षेपण लावायचं, शक्यतो केबल किंवा डिश. ॲपवरच बघणार असाल तर खिडक्या लावून घ्या आणि फोन पालथा ठेवा, कारण स्कोअरचे निरोपही चित्राच्या आधी येतात. पुण्याच्या मेव्हण्याला सांगून ठेवा की सामना संपेपर्यंत मेसेज करायचा नाही.

दुसरी गोष्ट विजेची. पावसाच्या सरीबरोबर वीज गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो. ४३ इंची टीव्ही, राउटर आणि एक पंखा मिळून दोनशे वॉटच्या आसपास जातात, म्हणजे चांगली बॅटरी साडेतीनपर्यंत आरामात पुरते. पण लोक एक गोष्ट विसरतात. तुमचा राउटर चालू असला तरी इंटरनेटवाल्याचा जो डबा जिन्यात किंवा गच्चीच्या खोलीत बसवलेला असतो, त्याला वीज नसली की नेट गेलं. सामन्याच्या आदल्या दिवशी वॉचमनला विचारून तो डबा कुठल्या जोडणीवर आहे ते बघा. केबलच्या ॲम्प्लिफायरचंही तसंच. एका उपांत्य सामन्याला आमच्याकडे सगळ्या इमारतीत दिवे होते आणि फक्त तो एक डबा मेलेला होता. महावितरणचा तक्रारीचा क्रमांक १९१२ लक्षात ठेवा, पण रात्री दोनला त्यावर विसंबण्यापेक्षा एका फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचा डेटा भरून ठेवणं बरं.

गच्ची नको, हॉल घ्या

गच्चीवर प्रोजेक्टर लावायची कल्पना दर विश्वचषकाला कुणीतरी काढतंच. जुलैत ती पावसानेच मरते. पाऊस नसला तरी ती सोडून द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ४५ म्हणजे हळू आवाजातलं बोलणं. गणपती-नवरात्रात बारापर्यंत जी सवलत मिळते ती सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांची असते, त्यात फुटबॉल येत नाही. आवाजाचे फटाके रात्री १० नंतर तसेही चालत नाहीत, मग कुणीही जिंको.

तेव्हा बंद हॉल किंवा क्लबहाउस. कमिटीच्या सेक्रेटरीला तोंडी विचारू नका, चार ओळी लिहून द्या: किती माणसं, किती वाजेपर्यंत (साडेतीन लिहा, अडीच नाही), किल्ली कुणाकडे, साफसफाई कुणाची. हॉलच्या वर आणि शेजारी ज्यांची घरं आहेत त्यांना आदल्या संध्याकाळी जाऊन सांगा. तिथे तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर जागा बदला, यात वाद नको. तिकीट लावायचं किंवा जाहिरातदार घ्यायचा मनात असेल तर ते घरगुती बघणं राहत नाही; प्रक्षेपणाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. वर्गणी काढा, तिकीट नको.

पैशांवरून आठवलं. गेल्या ऑगस्टमध्ये, २०२५ला, संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केलाय, तरी सामन्याच्या दिवशी फोनवर लिंका येत राहतातच. पोरांच्या फोनकडे जरा लक्ष असू द्या. पैज लावायची तर वडापावची लावा. हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना स्टेशनबाहेर खाऊ घालायचा.

आता वैराचं. कोल्हापुरात हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठांच्या पेठा बाजू घेऊन बसतात, आणि विश्वचषक आला की तिथल्या गल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. केरळात २०२२ला कोळिकोडजवळच्या पुल्लावूरच्या नदीत मेस्सीचं तीसेक फुटांचं कटआउट उभं राहिलं, लगेच त्याच्या शेजारी नेमारचं त्याहून उंच, मग रोनाल्डोचंही आलं. आपल्या दोन्ही मानपाड्यांत कोल्हापूरकरही आहेत आणि मल्याळीही, त्यामुळे एका हॉलमध्ये दोन्ही पंथ येणारच. त्यांना समोरासमोर बसवू नका, मिसळून बसवा. शेजारी बसलेल्या माणसाची चकली खाल्ली की त्याला शिव्या देणं अवघड जातं. चिडवणं संघाचं, माणसाचं नाही, एवढं सुरुवातीलाच कुणीतरी वयाने मोठ्या माणसाने सांगावं. आणि लहान मुलं रडली तर हसू नये. आपल्या संघासाठी पहिल्यांदा रडणं फार मोठी गोष्ट असते.

खायला तळकट नको. रात्री दोनला खाल्लेली भजी सकाळी कळव्यापर्यंत साथ देतात. चिवडा, शेंगदाणे, केळी चालतील. भेळ करणार असाल तर ती मध्यंतराची शिट्टी वाजल्यावरच कालवा. पावसाळी हवेत कुरमुरे दहा मिनिटांत मऊ पडतात. चहा दोनदा: मध्यंतराला एकदा आणि जादा वेळ लागला तर पुन्हा एकदा. त्या दुसऱ्या चहाचं दूध आधीच आणून ठेवा, टपऱ्या तोवर झोपलेल्या असतात.

झोपेचं गणित सोपं आहे. सामन्याआधी नऊ ते बारा अशी झोप काढली तर नंतरची दोन-अडीच तासांची पुरते; 'एकदमच जागतो' म्हणणारे मध्यंतरालाच सोफ्यावर घोरतात. शाळेच्या मुलांना आठलाच झोपवा, सव्वाबाराला उठवा, आणि उठली नाहीत तर उठवू नका. सकाळी कुणी निकाल सांगायच्या आत त्यांना पूर्ण सामना पुन्हा लावून द्या. दुसऱ्या दिवशी दुचाकीने जाणार असाल तर नका जाऊ. आणि जिंकल्यावर बाइकवर झेंडे घेऊन निघायची हौस तर अजिबातच नको: घोडबंदर रस्त्यावर त्या वेळी अवजड ट्रकांची रांग असते, कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि पाण्याखाली लपलेले खड्डे.

सामना संपला की हॉलचे पंखे-दिवे बंद करून, कचऱ्याची पिशवी बांधून, चपला हातात घेऊन जिन्याने उतरा. लिफ्टची वाट बघत 'पण ती पेनल्टी होती का?' हा विषय चौथ्या मजल्यावर काढू नका. तिथल्या घरातलं बाळ नुकतंच झोपलेलं असतं, आणि त्याचा बाबा दारामागे उभा राहून, आवाज न करता, निकाल ऐकायची वाट बघत असतो. त्याला बोटांनी स्कोअर दाखवा आणि पुढे व्हा.